दीड तोळ्याची गोळी

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

वाचक ४७ वर्षांचे आहेत. दादरच्या परिसरात वडिलोपार्जित सराफी दुकान, राहायला मुलुंडच्या बाजूला. आठवड्यातून दोन-तीनदा काळबादेवीच्या कारागिराकडून तयार माल ते स्वतः आणतात आणि उशीर झाला की बॅग घेऊन लोकलने थेट घरी जातात. गेल्या वर्षी मोटारसायकलवरच्या दोघांनी स्टेशनपासून सोसायटीच्या गेटपर्यंत त्यांचा पाठलाग केला. पुढे काही दिवसांतच ओळखीच्या एका सराफावर दुकानात हल्ला झाला. वाचकांनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला, चौकशी झाली आणि महिन्यापूर्वी .३२ बोअरचा परवाना मिळाला (बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी, इथे इंचात). टेक्सासमधले त्यांचे मेहुणे म्हणतात, "भावोजी, .३२ म्हणजे खेळणं. घ्यायचं तर छोटं .४५ घ्या, शर्टाखाली दिसणारही नाही." एका परिचिताने "९ एमएम मिळवून देतो, कागदाचं मी बघतो" असंही सुचवलं आहे. पत्नीला त्यांनी पिस्तूल दुकानाच्या तिजोरीत राहील असं सांगितलं आहे. खरा विचार ते रोज कमरेला लावून घरी नेण्याचा आहे. घरात १३ वर्षांचा मुलगा आहे. त्यांचा प्रश्न असा: कपड्याखाली बाळगता येईल असं, आकाराने लहान पण मोठ्या बोअरचं कोणतं पिस्तूल घ्यावं?

नमस्कार,

कायद्यापासून सुरुवात करते, कारण तुमचा निम्मा प्रश्न तिथेच निकालात निघतो. मेहुणे म्हणतात ते .४५ आणि तो परिचित म्हणतो ते ९ एमएम, दोन्ही आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये येतात. लष्कर आणि पोलीस वापरतात ती काडतुसं ज्या हत्यारात बसतील, ते हत्यार सर्वसामान्य माणसाकडे नसावं, हा त्यामागचा जुना विचार आहे. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात अशा हत्यारांची यादी आहे. असा परवाना मुंबईचे पोलीस आयुक्त देत नाहीत. तो अधिकार दिल्लीत केंद्रीय गृहमंत्रालयाकडे आहे आणि ज्याच्या जिवाला खरोखर गंभीर धोका आहे अशा मोजक्यांनाच तो मिळतो. तुमच्या परवान्यावर .३२ लिहिलं आहे, तेव्हा हत्यारांचा दुकानदार तुम्हाला .३२ च देऊ शकतो. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. मेहुणे तिथल्या हिशेबाने बोलतात. त्यांच्या मनात तुमचं वाईट नाही, पण तिथला सल्ला इथे लागू पडत नाही.

"कागदाचं मी बघतो" म्हणणाऱ्या माणसाशी मात्र आजच बोलणं बंद करा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रोहिबिटेड हत्यार विनापरवाना जवळ बाळगायची शिक्षा किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त १४ वर्षं आहे. सापडलात तर हातात आलेला .३२ चा परवानाही जाईल. आणखी एका गोष्टीचा विचार करा. या माणसाला आता दोन गोष्टी ठाऊक आहेत: तुमच्याकडे रात्री माल असतो आणि तुम्ही घाबरलेले आहात. मला त्या बेकायदा पिस्तुलापेक्षा याची काळजी जास्त वाटते. सराफावर हल्ला होतो तेव्हा आधी कोणीतरी टीप दिलेली असते, मग रेकी झालेली असते. तुमची भीती कोणाकोणापाशी बोलून झाली आहे, हे एकदा शांतपणे आठवून पाहा.

'लपवून' हा शब्द तुम्ही जरा संकोचाने लिहिलेला दिसतो. त्यात संकोचाचं काही नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात) किंवा त्यासाठीच्या पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर तुमचा पूर्ण ताबा हवा. ते कोणाला दाखवणं, रोखणं, हवेत झाडणं, सगळ्याला बंदी आहे. झाकणं सोपं आहे. पूर्ण ताब्याची अट मुंबईत अवघड आहे, तिच्याकडे पुढे येते.

आता मोठ्या बोअरचं. तुमच्याच मापात सांगते. .४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची असते, म्हणजे १५ ग्रॅमला किंचित कमी. दीड तोळा धरा. .३२ पिस्तुलाची गोळी ७१ ग्रेनची, साडेचार ग्रॅमच्या जरा वर. अर्धा तोळाही नाही. दोन्ही तळहातावर ठेवल्या तर तुम्हाला काट्याची गरज पडणार नाही. दीड तोळा वजन सेकंदाला अडीचशे मीटरच्या वेगाने पुढे जातं, तेव्हा त्याच जोराचा झटका मागे मनगटावर येतो. .३२ च्या जवळपास तिप्पट. अमेरिकेचं १९११ सालचं मूळ .४५ पिस्तूल म्हणूनच एक किलोहून जड आणि पाच इंची नळीचं होतं. ते वजनच झटक्याचा मोठा भाग पचवायचं.

हेच पिस्तूल लहान करायचं ठरवलं की नळी तीन-साडेतीन इंचांवर येते, वजन उतरतं आणि मूठ इतकी आखूड होते की करंगळी खाली लोंबकळते. काडतूस तेच, झटका तोच, धरायला मात्र कमी. नळी आखूड म्हणून गोळीचा वेग घटतो. तोंडाशी जाळ आणि आवाज वाढतो. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा जवळ आल्यामुळे हाताची बारीकशी चूकही लक्ष्यावर वीतभर होते. म्हणजे मोठ्या बोअरसाठी जे पैसे मोजायचे, त्यातलं बरंचसं पिस्तूल लहान करताना हातातून निसटतं. ज्यांना महिन्याला शेकडो गोळ्या झाडून सराव करता येतो ते ही कसर भरून काढतात. तुमच्या परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील ते छापलेलं असतं. तो आकडा पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते लक्षात येईल.

मेहुण्यांना हेही सांगा. १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याचे, दोन एजंट मारले गेले. त्यानंतर ते खातं मोठ्या काडतुसांकडे वळलं, आधी १० एमएम, मग .४०. साधारण तीस वर्षांनी ते पुन्हा ९ एमएमवर आलं. हातात धरायच्या हत्यारांमध्ये बोअरने पडणारा फरक थोडा असतो आणि कमी झटक्याच्या पिस्तुलाने एजंटांचे नेम जास्त लागतात, लवकर लागतात, असं त्यांच्याच प्रशिक्षण विभागाचं म्हणणं पडलं. हे रोज सराव करणाऱ्यांचं झालं. तुम्ही दिवसाचे दहा तास काउंटरमागे बसता.

.३२ खेळणं नाही. १८९९ च्या सुमाराला जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूककाराने ते काडतूस बेतलं आणि युरोपातल्या कित्येक पोलीस दलांनी अनेक दशकं त्याच बोअरचं पिस्तूल कमरेला लावलं. ते माणूस मारू शकतं. हे वाक्य हलकेच घेऊ नका, कारण "छोटं बोअर आहे, काय होतंय" म्हणून ते बेफिकिरीने हाताळणारे मी पाहिले आहेत.

तर मग .३२ मध्ये काय घ्यावं? परदेशी हत्यारांची आयात सामान्य परवानाधारकासाठी १९८० च्या दशकापासूनच बंद आहे. म्हणून जुन्या वॉल्थर किंवा वेब्लीला लाखोंचे भाव सांगितले जातात. त्या नादी लागू नका. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या स्प्रिंगवर जीव टांगण्यात काही अर्थ नाही. आपल्या सरकारी कारखान्यांचं 'अशनी' हे .३२ पिस्तूल आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरचं 'निर्भीक' आहे, २०१४ मध्ये स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून आणलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन ५० तोळ्यांच्या आसपास. 'प्रबळ' २०२३ मध्ये आलं, तेही कानपूरचंच. ते सुमारे ७० तोळ्यांचं, ७६ मिलिमीटर नळीचं, आणि त्याचं काडतुसांचं चक्र बाजूला उघडतं.

पिस्तूल चपटं असतं, शर्टाखाली कमी दिसतं. तरीही माझं मत रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आहे. पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढली की नवख्याला वाटतं, रिकामं झालं. पण एक काडतूस नळीच्या मागच्या घरात बसलेलं असू शकतं आणि घरात अपघात होतात ते अशा एका विसरलेल्या काडतुसानेही. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं की सगळी घरं एका नजरेत दिसतात. ट्रिगर जड असतो, तो चुकून दाबला जाणं त्या मानाने कठीण. थोडा फुगवटा दिसेल, तो सोसा. हलक्यापेक्षा जरा जड घ्या, म्हणजे हात कमी उडेल. आणखी एक, .३२ पिस्तुलाचं आणि .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगवेगळं असतं. आकडा सारखा दिसतो म्हणून एकाचं दुसऱ्यात घालून बघायचं नाही. घेतल्यावर हत्यार तपासणीला दाखवून परवान्यावर नोंद करून घ्यायची, तेही लांबवू नका.

आता मला माझ्या घरातलं सांगायचं आहे.

माझे वडील एका गिरणीत रोखपाल होते. पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणायची, टॅक्सीत एक शिपाई, मांडीवर कातडी बॅग, कोटाच्या आत .३२ चं रिव्हॉल्व्हर. ते हत्यार आम्हा मुलांना वर्षातून एकदाच दिसायचं, खंडेनवमीला. आई पाटावर स्वच्छ फडकं अंथरायची, बाबा चक्र उघडून रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवायचे, मग शेजारी विळी, कात्री, दादाची कंपासपेटी आणि मधोमध ते. हळदकुंकू लागलं तरी त्याला तेलाचाच वास यायचा.

एका पगाराला परळच्या एका गल्लीत टॅक्सी अडली आणि तिघं समोर आले. एकाच्या हातात सुरा, दोघांच्या हातात काय होतं ते बाबांना दिसलंच नाही. बाबांनी बॅग दिली. रिव्हॉल्व्हर कोटाच्या आतच राहिलं. पुढे कित्येक महिने चौकशी चालली. गिरणीतल्या वरच्या साहेबांनी तोंडावर विचारलं, "हत्यार शोभेला दिलं होतं का?" बाबा तेव्हा गप्प बसले. मला त्यांनी फार वर्षांनी सांगितलं, "त्या पोरांच्या मागे भाजीवाल्या बसल्या होत्या. सहा-सात जणी. एकीच्या मांडीवर पोर होतं. माझा नेम मला माहीत होता."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला सारखी ती गल्ली दिसत होती. तुम्ही रात्री पावणेदहाला दादर स्टेशनच्या पुलावर असता. तुमच्यावर चालून येणाऱ्याच्या मागे काय असेल? फुलवाल्या, क्लासमधून सुटलेली मुलं, गाडी पकडायला धावणारी माणसं. गोळी चुकली तरी कुठेतरी जाऊन थांबतेच. मोठं बोअर घेतलंत तर तुमचा नेम चुकायची शक्यता वाढते आणि चुकलेल्या गोळीने होणारं नुकसानही वाढतं. मुंबईत बोअर निवडताना हा हिशेब सगळ्यात आधी मांडायला हवा.

वेळेचंही बघा. डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये मोजून दाखवलं की सुरा घेतलेला धट्टाकट्टा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. सरावलेल्या पोलिसाला उघड्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून दोन गोळ्या झाडायला तेवढाच वेळ लागतो. तुमचं पिस्तूल शर्टाखाली असेल, एका हातात बॅग असेल आणि माणूस २१ फुटांवर नाही, हाताच्या अंतरावर असेल. दुकानाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या होल्स्टरमध्ये टीव्हीचा रिमोट खोचून, वर शर्ट घालून, खांद्याला बॅग अडकवून पाहा. तो बाहेर काढायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. पावसाळ्यात वरून रेनकोट असतो, तोही घालून बघा.

आणि हल्ले नेहमी सुरा घेऊन होत नाहीत. मुंबईत सराफांचा माल बोलबच्चन टोळ्यांनीही नेला आहे. "काका, तुमचे पैसे पडले", "पुढे खून झालाय, दागिने पिशवीत ठेवा, आम्ही पोलीस आहोत." तिथे कमरेचं हत्यार कामाचं नाही. उलट लोकलच्या गर्दीत चार बाजूंनी माणसं अंगाला भिडलेली असताना नियमातला तो 'पूर्ण ताबा' तुम्ही कसा ठेवणार? पाकीटमारांच्या हाताला शर्टाखालचा फुगवटा लगेच कळतो. मेट्रोने जायचं म्हटलं तर तिथे शस्त्र नेताच येत नाही. निवडणुका लागल्या की अनेक परवानाधारकांना हत्यार पोलिसांत जमा करावं लागतं. तेवढे दिवस तुम्ही मालाची ने-आण थांबवणार आहात का? नसाल, तर त्या दिवसांसाठी जी व्यवस्था कराल ती कायमचीच का करू नये?

समजा, झाडावीच लागली. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि तो भक्कम आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. बॅग हिसकावून पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडलीत, तर स्वसंरक्षण सिद्ध करता करता वर्षं जातील. हत्यार त्याच रात्री जप्त होईल, तपासणीला कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल आणि तुम्ही दुकान सोडून कोर्टाच्या तारखा करत बसाल. जीव वाचणार असेल तर हेही सगळं पत्करावं. सोन्यासाठी पत्करू नका.

आता घर. इथे मी थोडी कठोर होणार आहे.

तुम्ही पत्नीला जे सांगितलंय ते खोटं आहे आणि ते फार दिवस टिकणार नाही. मुंबईच्या दोन खोल्यांत लपवायला जागा नसते. कपाटाचा कोणता कप्पा कशाने भरलाय हे घरातल्या बाईला अंधारात सांगता येतं आणि किल्ली कुठे असते हे मुलाला तुमच्याआधी कळतं. मला कळलं होतं. मी नऊ वर्षांची, दादा बारा. किल्ली देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्याखाली असायची. एका दुपारी आम्ही ते रिव्हॉल्व्हर काढलं. दादाने ते माझ्याकडे रोखलं आणि ट्रिगर ओढला. मला आजही तो 'खट्' ऐकू येतो. काडतुसं बाबा ऑफिसच्या तिजोरीत ठेवायचे, म्हणून आज मी हे लिहिते आहे. संध्याकाळी फडक्याची घडी बदललेली बाबांच्या लक्षात आली. ते ओरडले नाहीत, मारलं नाही. रात्रभर खुर्चीत बसून होते. दुसऱ्या दिवशी हत्यारही घरातून ऑफिसात गेलं, ते फक्त खंडेनवमीला परत यायचं.

तुमचा मुलगा १३ वर्षांचा आहे. "त्याला समजतं" असं तुम्ही म्हणाल. दादालाही समजत होतं.

अपघात जाणत्या माणसांकडूनही होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, पहाटे, घरातून निघायच्या घाईत. तुम्ही रोज रात्री थकून घरी येणार, हत्यार काढणार, सकाळी घाईत पुन्हा लावणार. वर्षाला सहाशे वेळा. त्यातली एक वेळ चुकली तरी पुरे.

म्हणून परवाना वापरायचाच असेल, तर पत्नीला जे सांगितलंत तेच खरं करा. हत्यार दुकानाच्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे. कधी घरी आणावंच लागलं, तर त्यासाठी भिंतीत पक्की बसवलेली छोटी लोखंडी तिजोरी हवी, आकड्यांचं कुलूप असलेली, आणि तो आकडा मुलाची जन्मतारीख नसावा. मुलापासून गुपित ठेवू नका. त्याला समोर बसवून, रिकामं करून, दाखवून सांगा. ज्याच्याविषयी घरात बोललं जात नाही तेच मुलांना बघायचं असतं. घरात कोणाचं मन खचलेलं असेल, कोणी पिऊन येत असेल, तर हत्यार घरी आणूच नका. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. मेहुण्यांच्या गप्पांत हा आकडा आला नसेल.

मन खचण्यावरून आठवलं. तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय की रात्री तीनदा उठून दाराची कडी बघता, मोटारसायकलचा आवाज आला की तळहाताला घाम येतो, आणि हे वर्षभर चाललंय. माझ्या लेखी तुमच्या पत्रातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. पाठलाग तुमचा झाला, मित्राचं रक्त तुम्ही पाहिलंत. याला डॉक्टरी उपाय आहे. केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं. झोप न झालेल्या, दचकणाऱ्या माणसाच्या हातात भरलेलं हत्यार असू नये, मग ते कितीही बोअरचं असो. झोप लागेपर्यंत खरेदी थांबवा. परवान्यावर खरेदीची मुदत असते, ती पाहून घ्या, पण एका महिन्याने काही बिघडत नाही.

त्या महिन्यात काय करायचं, ते सांगते. ज्यांचा धंदा रोख पैशाचा किंवा किमती मालाचा आहे अशा सगळ्यांनाच हे लागू आहे.

रात्रीचा माल घरी न्यायचं बंद करा. तुमची भीती ज्या रस्त्यावर जन्मली तो रस्ताच काढून टाकता येतो. उशीर झाला तर माल कारागिराकडच्या तिजोरीत राहू दे, सकाळी आणा. दुकानाची तिजोरी जुनी असेल तर पिस्तुलाला जे लाख-दीड लाख घालणार होतात ते तिच्यात घाला. ज्वेलर्स ब्लॉक विमा, म्हणजे सराफांच्या मालाचा विमा, आहे का? असेल तर त्यात तुमच्या अंगावरचा, वाटेतला माल धरलाय का आणि किती रकमेपर्यंत, ते एजंटला फोन करून लेखी मागवा. अनेकांनी फक्त दुकानातल्या मालाचा घेतलेला असतो. विमा पक्का असेल तर बॅग देऊन टाकायला हात कचरत नाही. बाबांच्या वेळी रोकड गिरणीची होती, म्हणून ते देऊ शकले. स्वतःचं सोनं माणूस घट्ट धरतो, आणि त्यात जिवावर बेततं.

कारागिराकडे जायचा वार आणि वेळ बदलती ठेवा, पुतण्याला किंवा विश्वासातल्या माणसाला बरोबर घ्या, आणि कधी जाणार हे दुकानातल्या कोणालाही आदल्या दिवशी सांगू नका. पाठलागाची तक्रार तुम्ही पोलिसांत दिली नव्हती, असं पत्रावरून दिसतं. आता द्या. तारीख, वेळ, आठवतो तेवढा गाडीचा नंबर. ठाण्यातल्या वरिष्ठ निरीक्षकांना दुकानदारांच्या संघटनेतर्फे भेटलात तर बंद करायच्या वेळेची गस्त मागता येते. चार दुकानं एकाच वेळी शटर ओढतात तेव्हा एकट्याला कोणी गाठत नाही.

आणि नेमबाजी शिका. परवान्यासाठी दिलेल्या प्रशिक्षणाच्या कागदापुरती नाही, खरी. शिवाजी पार्कला सावरकर स्मारकाचा रायफल क्लब तुमच्या दुकानापासून जवळ आहे, वरळीत महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. आधी एअर पिस्तूल हातात घ्या. दहा मीटरवर, शांत हॉलमध्ये, कोणी अंगावर येत नसताना दहातल्या किती गोळ्या काळ्या वर्तुळात जातात ते बघा. तीन महिने दर आठवड्याला एक तास. त्यानंतरही हत्यार हवंसं वाटलं तर घ्या, मी अडवणार नाही. तेव्हा तुम्हाला बोअरविषयी मला विचारावं लागणार नाही, हातच सांगेल.

बाबा गेल्यावर परवाना संपला. आईने रिव्हॉल्व्हर खंडेनवमीच्या त्याच फडक्यात गुंडाळलं आणि आम्ही दोघी ते जमा करायला पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने चक्र उघडून पाहिलं, नंबर लिहून घेतला आणि विचारलं, "कधी झाडलं होतं का हो यातून?" आई म्हणाली, "नाही. पण ते आहे हे मी एक दिवस विसरले नाही."

आज दुकान बंद करून जाल तेव्हा पत्नीशी बोला. कमरेला लावायचं ठरवलं होतं, हेही सांगा आणि रात्री तीनदा का उठता, तेही. ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा.